माणदेशी लोकरीचा स्वेटर: एका फसलेल्या विणकामाचं प्रकरण

प्रकरण थोडक्यात असं. साताऱ्यात राहणाऱ्या, पासष्टी ओलांडलेल्या एका काकूंनी माण तालुक्यातल्या माहेराहून दख्खनी मेंढीची लोकर आणली. ती स्वतः धुतली, पिंजली, चरख्यावर कातली आणि त्या सुताचा काकांसाठी पूर्ण बाह्यांचा स्वेटर विणला. लोकर घरात आल्यापासून शेवटचे टाके बंद होईपर्यंत वर्ष उलटून गेलं. सुयांवरून उतरला तेव्हा स्वेटर मापात अगदी चोख होता. पहिल्या धुण्यानंतर मात्र तो जवळजवळ तीन इंच लांब झाला, दोन्ही बाजूंच्या शिवणी जागा सोडून अंगाभोवती फिरल्या, आणि काकांना तो दहा मिनिटंही अंगावर ठेववेना. मानेवर आणि मनगटांवर लाल चट्टे उठले.

काकू आमच्या विणकामाच्या गटातल्या. स्वेटर घेऊन त्या माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचा प्रश्न सरळ होता, "उसवू का ठेवू?" मी म्हटलं, "काकू, आधी काय झालंय ते बघू. उसवणं काही पळून जात नाही." हा लेख त्या बघण्याचा आहे. हातकताईच्या लोकरीने स्वेटर करायची इच्छा असलेल्या बऱ्याच जणींना हीच ठेच लागते, आणि दोष बहुतेक वेळा चुकीच्या जागी शोधला जातो.

हात कसलेला होता

पहिला संशय नेहमी विणणारीवर जातो, म्हणून तो आधी निकालात काढते. आमच्या गटात काकूंइतकी स्वच्छ शिवण कोणाचीच नाही. बाळंतविड्याचे सेट, टाच घातलेले मोजे, गळ्यापासून खाली विणत आणलेले स्वेटर, जाळीच्या शाली, सगळं त्यांच्या हातून उतरलेलं आहे. नातवाचा एक निळा स्वेटर मी मुद्दाम उलटा करून पाहिला. रंग बदलताना मागे सोडलेले धागे इतके सारखे होते की ती बाजू सुलट म्हणून खपली असती. टाके एकसारखे, बॉर्डर ना घट्ट ना सैल, काखेतली घट दोन्ही बाजूंना टाक्याला टाका जुळणारी.

पण हे सगळं दुकानातल्या लोकरीचं होतं. आपल्याकडे दुकानात मिळणारी बहुतेक लोकर ॲक्रिलिक असते किंवा ॲक्रिलिकची भर घातलेली. तो धागा कारखान्यात तीन-चार पदरी करून, पीळ पक्का बसवूनच आपल्या हातात येतो. तो हलका असतो, लवकर वाळतो, दोरीवर चिमटे लावून टाकला तरी फारसं बिघडत नाही. काकूंच्या बोटांना चाळीस वर्षं या धाग्याची सवय होती. सुताचा पीळ, त्याचं वजन, धुतल्यावरचं त्याचं वागणं हे प्रश्न त्यांना कधी पडलेच नव्हते, कारण त्यांची उत्तरं कारखान्याने आधीच दिलेली असत.

लोकर कुठून आली

काकूंच्या भावाच्या शेतात सुगी झाल्यावर मेंढ्या बसवतात. रान मोकळं झालं की मेंढपाळ कळप घेऊन येतात, रात्री वाघुरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेंढ्या बसतात आणि त्यांच्या लेंड्या-मुताने जमिनीला खत मिळतं. त्याच ओळखीतून ही लोकर आली.

दख्खनी मेंढी ही कोरड्या पठारावरची जात. कमी चाऱ्यावर, कमी पाण्यावर, रोज मैलोन्‌मैल चालून जगणारी. तिची लोकर बहुतेक काळी किंवा करडी, भरड आणि केसाळ. कातरणी वर्षातून दोनदा होते आणि एका मेंढीपासून मिळणारी लोकर वर्षाकाठी किलोभरसुद्धा भरत नाही. आज मेंढपाळाचं पोट चालतं ते मांसावर. त्यामुळे जतकडची माडग्याळ मेंढी, जी अंगापिंडाने मोठी आणि लोकरीला अगदीच कमी, तिला मागणी वाढली. लोकरीला इतका कमी भाव येतो की कातरणाऱ्याची मजुरीही तिच्यातून सुटत नाही, आणि कातरलेली लोकर बांधावर टाकून दिलेली दिसते. मला याची मनापासून खंत वाटते. काकूंनी ही लोकर निवडली ती हौस म्हणून, पण त्यामागे ही खंतही होती. "माझ्या माहेरच्या रानात चरलेल्या मेंढीची लोकर आहे ती, ती फेकून कशी देऊ?" असं त्या म्हणाल्या, आणि पुढचे सगळे निर्णय घेताना हे वाक्य मध्ये आलं. प्रकरण समजून घ्यायला ते लागतं.

लोकर आली ती दोन गोणपाटांत. एकात मोठ्या मेंढ्यांची, सगळ्या अंगाची एकत्र मिसळलेली. दुसऱ्यात, तळाशी, थोडं जावळ, म्हणजे कोकरांची पहिली कातरणी. हे जावळ काकूंनी "थोडंच आहे, कशाला पुरणार" म्हणून बाजूला ठेवलं. ते पुढे कामाला आलं.

कुसळं, बाभळीची पानं आणि गोखरू वेचण्यातच बराच काळ गेला. रिठ्याच्या गरम पाण्यात लोकर बुडवून, न चोळता, नुसती दाबून त्यांनी ती धुतली. हे काम उत्तम झालं होतं. लोकर गरम पाण्यात चोळली की तिच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि नमदा, म्हणजे न सुटणारा दाट थर, तयार होतो. काकूंच्या लोकरीत एकही गठ्ठा नव्हता. पावसाळ्यात शिल्लक गोणीत कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, दिसली तेव्हाही त्यांनी नीट केलं. लोकर प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून आठवड्याहून जास्त काळ डीप फ्रीजमध्ये ठेवली, बाहेर काढून झटकली आणि परत ठेवली. डांबरगोळ्यांनी पतंग लांब राहतात, पण आधीच घातलेल्या अंड्यांचा त्यांनी बंदोबस्त होईल याची खात्री नसते. हा उपाय त्यामानाने भरवशाचा.

सूत कोणी शिकवलं

माझ्या मते प्रकरणाची किल्ली इथे आहे.

लोकर कातायला काकू शिकल्या त्या माहेरच्या गावातल्या एका म्हाताऱ्या धनगर आजींकडून. आजींचं आयुष्य घोंगड्यांचं सूत कातण्यात गेलेलं. त्यांचा हात असा की पेळूतून, म्हणजे पिंजलेल्या लोकरीच्या वळीतून, सूत सुटताना मध्ये कुठे जाड-बारीक होत नाही. त्यांनी काकूंना शेजारी बसवून शिकवलं आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली, "पीळ भरपूर दे बाई, न्हाईतर मागावर तुटतंय."

आजींचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. घोंगडी खड्ड्याच्या मागावर विणतात. ताण्याचे उभे धागे ताणून बसवलेले असतात, त्यांना चिंचोक्याची खळ लावून, कुंच्याने सारखी करून वाळवतात, मग विणायला घेतात. एकपदरी सूत हा ताण आणि घासणं सोसायचं तर पीळ करकरीत लागतो. त्यात सैलपणा ठेवला तर धागा मागावर जागोजाग तुटणार. घोंगडी विणणाऱ्या सणगर विणकराला हवं असतं ते हेच सूत: एकपदरी, कडक पिळाचं, दमदार.

काकूंनी ते तसंच कातलं. त्यांच्याकडची उरलेली लड मी हातात घेतली तेव्हा आजींची तालीम बोटांना जाणवली. सूत सारखं होतं, काळंभोर, मध्ये मध्ये उन्हाने टोकं भाजून तांबूस झालेली, त्यामुळे रंगाला एक जिवंतपणा. रंगवलेल्या काळ्या लोकरीत हे कधी दिसणार नाही. मग मी लडीतून हातभर धागा सोडवला, पाण्यात भिजवला आणि दोन्ही टोकं जवळ आणली. धागा ताबडतोब स्वतःभोवती गुंडाळला आणि त्याची घट्ट दोरी झाली. टोकं सोडवून पुन्हा जवळ आणली, पुन्हा तेच. संतुलित सूत असं वागत नाही. ते दोन टोकांमध्ये एखादा सैल झोका घेऊन शांत लोंबतं.

काकू बघत होत्या. म्हणाल्या, "पण विणताना तर हे असं करत नव्हतं गं."

तिरका का झाला

विणताना ते तसं का करत नव्हतं, हे शोधायला आम्हाला थोडा वेळ लागला. उत्तर वरवंट्यात निघालं. कातून झालेल्या लडी भिजवून वाळत घालताना काकूंनी प्रत्येक लडीच्या तळाला वजन म्हणून वरवंटा बांधला होता. सूत सरळ वाळावं म्हणून. ते सरळ वाळलंही. पण ओल्या लोकरीला ताणून वाळवलं की पीळ तात्पुरता निजतो. धागा हाताला शांत लागतो, सुयांवर गुण्यागोविंदाने चालतो. तो पुन्हा भिजला की निजलेला पीळ जागा होतो. म्हणजे स्वेटर पहिल्यांदा पाण्यात गेला तेव्हा त्यातल्या हजारो टाक्यांमधला पीळ एकदम सुटायला बघत होता.

घोंगडीत असा पीळ उरला तरी बिघडत नाही. मागावरच्या कापडात प्रत्येक धागा सरळ असतो आणि आडव्या धाग्यांनी जागोजाग दाबलेला. त्याला फिरायला वावच नसतो. विणकामात धागा कुठेच सरळ नसतो. प्रत्येक टाका ही एक मोकळी फास, शेजारच्या फाशीने नुसती धरलेली. धाग्याला उलगडायची ओढ असली की फास थोडी कलते. पुढून सुलट, मागून उलट अशा साध्या विणीत सगळे टाके एकाच बाजूचे, म्हणून सगळे एकाच दिशेला कलतात. काकूंचा चरखा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरला होता, त्यामुळे कापड उजवीकडे झुकलं. पुढच्या आणि मागच्या दोन्ही भागांत तेच झालं, आणि परिणाम म्हणून घेराजवळ डावी शिवण पोटावर आली आणि उजवी पाठीवर गेली. शिवण कितीही चोख असली तरी हे थोपवता येत नाही. इस्त्रीने, वाफेने, ओढून-ताणून टाचण्या लावूनही ते एका धुण्यापुरतंच दबतं.

खात्रीसाठी त्याच सुताचा सहा इंचांचा चौकोन आठ नंबरच्या सुयांवर विणला, भिजवला, ताण न देता सपाट वाळवला. वरची कड खालच्या कडेपेक्षा पाऊण इंच सरकलेली निघाली. सव्वीस इंचांच्या स्वेटरला हाच हिशेब लावला तर तीन इंचांवर जातो. शिवणींनी थोडं धरून ठेवलं म्हणून स्वेटरवर तो त्याहून कमी दिसला, एवढंच.

त्याच चौकोनाशेजारी मी दुसरा विणला, साबुदाण्याच्या विणीचा, एक सुलट एक उलट आणि पुढच्या ओळीत उलटपालट. सूत तेच, सुया त्याच. हा जवळपास सरळ राहिला. सुलट टाका एका बाजूला कलतो, उलट टाका दुसऱ्या बाजूला, आणि दोघं शेजारी असले की एकमेकांना सावरतात. काकूंनी दोन्ही चौकोन टेबलावर शेजारी ठेवले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग विचारलं, "म्हणजे सूत वाईट नाही?" नाही, सूत वाईट नव्हतं.

लांब का झाला

यात वजनाचा भाग मोठा. स्वेटर भरला 980 ग्रॅम. काकूंचं सूत 100 ग्रॅमला साधारण 140 मीटर पडत होतं. याच मापाचा, इतक्याच टाक्यांचा स्वेटर गिरणीच्या लोकरीत साडेसहाशे-सातशे ग्रॅममध्ये होतो, कारण तिथे 100 ग्रॅमला 200 मीटरच्या आसपास धागा मिळतो. कडक पिळाने तंतू एकमेकांना घट्ट चिकटून बसतात, मध्ये हवा राहत नाही, आणि तेवढ्याच लांबीला जास्त लोकर लागते. हवा कमी म्हणजे ऊबही त्या मानाने कमी, हेही सांगायला हवं.

त्यात दख्खनी लोकरीला बारीक लोकरीसारखी नैसर्गिक कुरळ कमी. कुरळ म्हणजे तंतूची स्प्रिंग, ताणला तर परत येण्याची शक्ती. ती कमी असली की टाका ताणला तो ताणलेलाच. आणि धुतल्यावर हा जवळपास किलोचा, पाणी धरून आणखी जड झालेला स्वेटर काकूंनी नेहमीच्या सवयीने खांद्यांना चिमटे लावून दोरीवर टाकला. ॲक्रिलिकला चाळीस वर्षं चाललेली सवय इथे अंगाशी आली.

नमुना त्यांनी विणला होता, पण लहान, आणि न धुता. चार इंचांत 18 टाके आणि 24 ओळी, हे माप त्यावरून काढलेलं. मी मोठा नमुना धुऊन, ओला असतानाच खालच्या कडेला चिमट्यांचं वजन लावून टांगला. 24 ओळी चार इंचांऐवजी चार पूर्णांक चार दशांश इंच भरल्या. सव्वीस इंच लांबीवर हे अडीच इंचांच्या पुढे जातं, आणि स्वेटर तेवढाच वाढला होता. म्हणजे धुऊन टांगलेल्या एका नमुन्याने हा निकाल आधीच कळला असता. हातकताईच्या सुतासाठी मी तर म्हणेन, सहा इंचांपेक्षा लहान नमुना विणूच नये.

टोचण्याचं काय

टोचण्याचं कारण तंतूच्या जाडीत आहे. बारीक लोकरीचा तंतू त्वचेला टेकला की वाकतो. जाड तंतूचं टोक वाकत नाही, ते टोचतं. सर्वसाधारण हिशेब असा की 30 मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतू शंभरात पाचापेक्षा जास्त असले की बहुतेकांना कापड टोचतं. मेरिनोची लोकर 24 मायक्रॉनच्या आत, चांगली असेल तर 18-19. दख्खनीची सरासरीच 30 च्या बरीच वर. म्हणजे इथे मूठभर केस वेचून काढून काम भागणारं नव्हतं.

काकूंना बऱ्याच जणींनी उपाय सुचवले होते: व्हिनेगरचं पाणी, केसांना लावायचं कंडिशनर, ग्लिसरीन. यांनी लोकर हाताला मऊ लागते, पण तंतूची जाडी तीच राहते, आणि थोडं वापरलं की टोचणं परत येतं. मी त्यावर वेळ घालवू दिला नाही.

घोंगडी कोणी उघड्या अंगाला घालत नाही. ती डोक्यावरून खोळ करून घेतात, खांद्यावर टाकतात, अंथरतात. आत सदरा असतो, डोक्याला पटका असतो. पावसात मेंढ्यांमागे उभ्या असलेल्या माणसाला ती उबेत ठेवते, आणि भरड तंतूंवरून पाणी बरंचसं ओघळून जातं. हे सगळे गुण काकूंच्या सुतात जसेच्या तसे होते. त्यांच्याकडून मागितलं गेलं ते मात्र गळ्याला चिकटून बसण्याचं काम.

काय पर्याय होते

संपूर्ण स्वेटर गरम पाण्यात घालून आटवावा, असा एक विचार होता. दख्खनी लोकरीचा नमदा होतो, तिची जेन, म्हणजे नमद्याचं जाड अंथरूण, तयार करतात हे खरं, पण एवढ्या कडक पिळाचं सूत सगळीकडे सारखं आटत नाही. लांबीला एक, रुंदीला एक. तिरकेपणा तसाच गोठला असता. हा विचार सोडला.

आतून सुती अस्तर लावून जाकीट करावं, हा दुसरा. टोचणं थांबलं असतं, वजन आणखी वाढलं असतं, आणि तिरक्या कापडाला सरळ अस्तर लावणं म्हणजे कुठेतरी चुणी पडणारच.

तिसरा होता उसवून सूत दुपदरी करणं. दोन धागे एकत्र घेऊन चरखा उलट्या दिशेने फिरवला की मूळ पीळ थोडा उलगडतो आणि दोन पदर एकमेकांना धरून शांत होतात. पण 140 मीटरचं सूत दुपदरी केलं की 100 ग्रॅमला 70 मीटर राहतं. दोरखंडाच्या जवळ जाणारी जाडी. त्याचा स्वेटर होत नाही.

चौथा, मऊ लोकर विकत आणून मिसळून नव्याने कातणं. हा तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात सोपा होता आणि मी तो सुचवला. काकूंनी मान हलवली. "मग त्यात माझ्या माहेरची मेंढी राहिली किती?" मला त्यांचं म्हणणं पटलं. हौशी विणकामात वस्तू का करायची याचं कारण वस्तूइतकंच मोठं असतं. ते कारणच काढून टाकणारा उपाय कितीही सोपा असला तरी त्या प्रकरणाचा उपाय होत नाही.

शेवटी ठरलं ते असं: आहे त्या सुताला जे करायला आवडेल ते त्याला करू द्यायचं, आणि काकांच्या अंगावरच्या कपड्यासाठी बाजूला ठेवलेलं जावळ वेगळ्या तऱ्हेने कातायचं.

उसवणं आणि पुढचं काम

उसवायला काकूंना जड गेलं, हे त्यांनी लपवलं नाही. पहिल्यांदा शिवणी सोडवल्या, मग बाह्या. लोकर खुर्चीच्या पाठीवर गुंडाळत लडी केल्या, चार ठिकाणी सैल गाठी मारल्या. उसवलेलं सूत टाक्यांच्या आकारात नागमोडी राहतं. ते कोमट पाण्यात तासभर भिजवलं आणि या वेळी कुठलंही वजन न बांधता वाळवलं. मग दुपदरी केलं. चरखा उलटा फिरायला लागला तसा धागा हातात मऊ पडत गेला. भिजवून टोकं जवळ आणली तर आता सैल झोका. काकूंनी ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं.

त्याचं झालं आसन. सगळ्या सुया सुलट, काठाला जावळातल्या करड्या लोकरीची पट्टी. बसायला घट्ट, उबदार, न दबणारं. टोचण्याचा प्रश्नच नाही. उरलेल्या सुताची भाजीची पिशवी विणली, तळाला आणि बंदांना आतून जाड सुती पट्टी शिवून, कारण ताणली गेली तर तिथेच गेली असती. माझ्या दृष्टीने ते आसन काकूंनी आजवर विणलेल्या सर्वोत्तम वस्तूंपैकी आहे. कडक पिळाने दिलेला टिकाऊपणा तिथे पूर्ण वसूल होतो.

जावळाचं काम वेगळं. ते आधी दिवाणखान्यात पांढऱ्या चादरीवर पसरून निवडलं. पांढऱ्यावर जाड काळे केस लगेच दिसतात, ताठ आणि सरळ, आणि चिमटीने वेचता येतात. सगळे निघत नाहीत, पण हाताला फरक कळण्याइतके निघतात. पेळू सैल केले. कातताना काकूंना पीळ कमी द्यायचा होता, आणि आजींनी लावलेलं वळण सोडायला हात तयार नव्हता. त्यावर युक्ती निघाली ती अशी: चरख्याच्या प्रत्येक फेऱ्याला नेहमीपेक्षा जास्त लांब हात ओढायचा. फेरे तेवढेच, पण तोच पीळ जास्त लांबीवर वाटला जातो. काही लडींनंतर हात बसला. मग दुपदरी, भिजवणं, झटकून वजनाशिवाय वाळवणं.

हे सूत 100 ग्रॅमला 130 मीटर पडलं, म्हणजे आधीच्याहून जाड, पण फुगीर. सहा नंबरच्या सुया, चार इंचांत 16 टाके, नमुना मोठा, धुऊन, टांगून आणि मग मोजून. जावळ पूर्ण स्वेटरला पुरणारं नव्हतंच, म्हणून बिनबाह्यांचं, पुढून उघडं जाकीट ठरवलं. बाह्या नाहीत म्हणून वजन घटलं. वीण साबुदाण्याची, दुपदरी सुतात उरलासुरला पीळ असला तरी तो सांभाळला जावा म्हणून. खांद्याच्या शिवणींत आणि मानेच्या मागे आतून सुती फीत शिवली, कारण सगळा भार तिथे येतो आणि लांबणं तिथून सुरू होतं. गळ्याच्या आणि मुंढ्यांच्या काठाला आतून काकांच्या जुन्या धोतराची मऊ पट्टी लावली.

जाकीट 470 ग्रॅम भरलं. धुतल्यावर बादलीतून उचलताना दोन्ही हातांनी खालून धरून, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी दाबून काढलं आणि बाजेवर सपाट वाळवलं. लांबीत फरक पडला तो पाव इंचाच्या आतला. शिवणी जिथल्या तिथे.

काका ते पूर्ण बाह्यांच्या सदऱ्यावर घालतात आणि पहाटे फिरायला जाताना घालतात. मान फिरवली की कधीतरी एखादा केस पट्टीच्या वरून टोचतो, तेव्हा काकू चिमटा घेऊन तो काढतात. पहिल्या काही महिन्यांत जाकिटाने सदऱ्यावर बरेच तंतू सोडले, नंतर ते कमी झालं. काखेजवळ थोड्या गोळ्या येतात. सैल पिळाच्या सुताला ते होणारच आणि ते मान्य करूनच पीळ कमी केला होता.

पुढच्या कातरणीसाठी काकूंनी भावाकरवी मेंढपाळाला निरोप धाडला आहे की खांद्यावरची आणि पाठीवरची लोकर एका गोणीत, मांड्यांची आणि शेपटाकडची दुसऱ्या गोणीत ठेवावी, आणि जावळ कुणाला देऊ नये. मांडीकडची सगळ्यात भरड असते, ती एकत्र मिसळली की नंतर वेगळी करणं फार जिकिरीचं. मिसळल्याशिवाय दिली तर काकू जास्त भाव द्यायला तयार आहेत. भरड गोणी आजींकडे जाणार आहे, घोंगडीच्या सुतासाठी.